मदत हवी आहे : तीन वर्षांत स्वप्नातली गाडी घ्यायची आहे, पैसे कुठे आणि कसे साठवू?

खानापूर_२२
नमस्कार मंडळी. चार मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही घ्यायची आहे, वरचं मॉडेल. शोरूमने एक्स-शोरूम १०,६०,००० सांगितलंय. खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी, हातात पगार ५२,०००, घरखर्च २८,००० जातो. वर्षातून एकदा ऊसबिल येतं, सोसायटीचं कर्ज कापून ६०,००० उरतात. एका सौहार्द (कर्नाटकातली सहकारी) पतसंस्थेत २,१०,००० ठेव आहे. मुदत तीन वर्षं धरली आहे. चार गोष्टी सांगा : आरडी (बँकेत दरमहा ठरलेली ठेव) की एसआयपी (दरमहा म्युच्युअल फंडात)? भिशी धरू का? कोल्हापूरला गाडी स्वस्त पडते म्हणतात, ते खरं का? आणि कर्ज किती काढावं?

आरटीओ_फाईल
आधी आकडा नीट करून घ्या दादा. १०.६० ही गाडीची किंमत झाली, रस्त्यावर यायची नव्हे. कर्नाटकात आजीवन कर ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाखांना १४, १० ते २० लाखांना १७ आणि त्यापुढे १८. या कराच्या रकमेवर वर ११ टक्के सेस, म्हणजे उपकर. तुमच्या गाडीला १७ टक्क्यांचे १,८०,२०० आणि सेसचे १९,८२२, म्हणजे नुसता कर २,००,०२२. दहा लाखांच्या वरची गाडी म्हणून १ टक्का टीसीएस (विक्रेता आगाऊ घेतो तो आयकर), १०,६००. ते आयकर विवरण (आयटीआर) भरलं की कराशी वळतं होतं, कर बसत नसेल तर परत मिळतं, पण बुकिंगवेळी खिशातूनच जातात. विमा ४५,००० धरा, नोंदणी फी, कर्जाची नोंद, फास्टॅग यांचे ४,०००. बेरीज १३,१९,६२२.

शोरूमच्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ अशी ओळ असेल तर ती काढायला सांगा. आरटीओच्या कुठल्याच पावतीत ती येत नाही. कराचा आकडाही विम्यात मिसळून नको, वेगळ्या ओळीत लिहून मागा.

चोर्ला_घाट
एसआयपी करा की. तीन वर्षांत आरडीत काय मिळणार? इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणारा फंड) महिना १५,००० टाका, निम्मी गाडी तिथेच निघेल.

टिळकवाडी_ताई
तीन वर्षांच्या ठरलेल्या खर्चाला शेअरचा फंड नको. जानेवारी २०२० च्या शिखरापासून २३ मार्च २०२० पर्यंत निफ्टी निर्देशांक ३८ टक्क्यांच्या आसपास खाली आला होता. दहा-पंधरा वर्षांच्या एसआयपीला अशी घसरण पचते, कारण सावरायला वेळ असतो. गाडीच्या एसआयपीत सगळ्यात जास्त पैसे जमलेले असतात ते शेवटच्या सहा महिन्यांत. नेमकी तेव्हाच घसरण आली तर सहा लाखांचे पावणेचार होतात आणि गाडी दोन वर्षं पुढे जाते. वर चढला तरी एक वर्षाच्या आत विकलेल्या हप्त्यांच्या नफ्यावर २० टक्के कर. वर्षावरच्या नफ्यावर १२.५ टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या पुढचा असेल तेवढ्यावरच.

यांचा हिशोब आरडी आणि एफडीनेच जुळतो. मांडते :

१२,००० ची आरडी, ३६ महिने, ६.५ टक्के : सुमारे ४.७८ लाख.
२,१०,००० ची बँकेत एफडी, ७ टक्के, तीन वर्षं : सुमारे २.५९ लाख.
दर वर्षीच्या ऊसबिलाचे ६०,००० आले की लगेच एफडीत : तीन बिलांचे व्याजासह दोन लाखांच्या आसपास.

एकूण साधारण ९.३७ लाख. पण गाडी तीन वर्षं याच भावात थांबणार नाही. वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर १३.२० चे १४.८५ होतात. फरक साडेपाच लाख, तेवढंच कर्ज. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ११,४१७. आरडीत जातात तेवढेच पैसे पुढे हप्त्यात गेले, त्यामुळे तीन वर्षांत हात त्या हप्त्याला सरावलेला असेल. एखाद्या महिन्यात आरडी चुकायला लागली, तर हप्ता झेपणार नाही हे कर्ज काढायच्या आतच कळेल.

खानापूर_२२
ताई, आरडी पोस्टात काढू का? तिथे ६.७ टक्के आहे, शिवाय सरकारी.

टिळकवाडी_ताई
पोस्टाची आरडी पाच वर्षांचीच असते. तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मोडली की व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी मिळतं. तुमची गरज बरोबर तीन वर्षांची. बँकेची ३६ महिन्यांची आरडीच बरी.

निपाणीकर
आधी पतसंस्थेच्या ठेवीचं बघा अण्णा. ताईंनी ती ‘बँकेत’ धरली आहे, तुमची तर सौहार्दमध्ये आहे. पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्या त्यात येत नाहीत. आपल्या भागात गल्लोगल्ली सौहार्द आहेत, अर्धा-एक टक्का जास्त देतात, माणसं ओळखीची असतात, म्हणून लोक ठेवतात. पण संस्था अडकली तर ठेवीदाराच्या हातात अर्ज करण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. मुदत कधी संपते ते पावतीवर बघा. चार-पाच महिने राहिले असतील तर थांबा, जास्त असतील तर मोडल्यावर व्याज किती कापतात ते लेखी विचारा. एक टक्का गेला तरी हरकत नाही, मुद्दल सुरक्षित जागी येतं.

ऊसबिलावर कधीच आरडी बांधू नका. बिल कारखान्याच्या सोयीने येतं, पहिली उचल एकदा, फरक नंतर कधीतरी, आणि पीकेपीएसचं म्हणजे गावच्या शेती पतसोसायटीचं कर्ज त्यातूनच वळतं होतं. आरडीचा हप्ता चुकला की दंड बसतो. बिल हातात आलं त्याच आठवड्यात एफडी करायची. सगळ्या एफडींची शेवटची तारीख गाडीच्या महिन्याला जुळवून ठेवा. दुसऱ्या वर्षीच्या बिलाची एफडी पूर्ण दोन वर्षांची नको, उरलेल्या महिन्यांचीच काढा.

भिशीचं म्हणाल तर वीस जण, दहा हजार, दोन लाखांचा डाव. लिलावात कुणी चाळीस हजार सोडून उचलला तर त्याच्या हाती १,६०,००० येतात आणि दोन लाखांचे हप्ते चालूच राहतात. ज्याला तातडी आहे त्याला हे फार महागात पडतं. शेवटपर्यंत थांबणाऱ्याला फायदा दिसतो, पण तो आधी उचलून बसलेले एकोणीस जण हप्ते भरत राहतील या भरवशावर असतो. नोंदणी नसलेल्या भिशीत कुणी मधेच बंद केलं तर विचारायचं कुणाला? गाडीचा पैसा तिथे घालू नका.

खानापूर_२२
ठेव मोडायचं विचारतो. कोल्हापूरचं काय? माझे मामा तिथे राहतात, त्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ करून घे, सत्तर हजार वाचतील असं सगळेच म्हणतात.

आरटीओ_फाईल
सत्तर हजारांचा आकडा खरा आहे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, म्हणजे १,२७,२००. इथले २,००,०२२. फरक ७२,८२२. वाचतात मात्र फक्त गाडी खरोखर तिकडे राहणार असेल तरच.

मामांच्या पत्त्यावर नोंद म्हणजे एकतर गाडी मामांच्या नावावर, नाहीतर तुमच्या नावावर खोटा पत्ता. मामांच्या नावावर असेल तर कर्ज, विमा, अपघाताचा क्लेम सगळं त्यांच्या सहीवर अडकतं. खोट्या पत्त्यावर असेल तर मोठ्या क्लेमच्या वेळी विमा कंपनीला प्रश्न विचारायला जागा मिळते. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मग फॉर्म २८ वर कोल्हापूरची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची संमती, इथे फॉर्म २७, गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकचा कर, आणि तिकडच्या उरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. रोज खानापूर-बेळगाव फिरणारी एमएच गाडी तपासणीत दिसल्याशिवाय राहत नाही.

कोल्हापुरातून गाडी विकत घेऊन इथे केए-२२ (बेळगावचा नंबर) करणं मात्र पूर्ण कायदेशीर आहे. तात्पुरत्या नोंदणीवर आणायची, कर इथे भरायचा. पण त्यात कर वाचत नाही, तिकडचा डीलर सूट जास्त देत असेल तेवढाच फायदा. दोन्हीकडची कोटेशन हातात घेऊन बोला, बेळगावचा डीलर बहुतेक वेळा जवळ येतो.

भारत सीरिज म्हणजे बीएच नंबर केंद्र, राज्य, लष्कर, बँक कर्मचारी आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांच्या लोकांसाठी आहे. तुमची कंपनी त्यात बसते का ते एचआरला विचारा, बसत असेल तर कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

टिळकवाडी_ताई
कर्जाबद्दल दोन गोष्टी. कुणी ‘फक्त सहा टक्के’ म्हणालं तर फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर) की रिड्युसिंग (उरलेल्या मुद्दलावर) ते पहिल्यांदा विचारा. साडेपाच लाखांवर ६ टक्के फ्लॅट, पाच वर्षं : व्याज १,६५,०००, हप्ता ११,९१७. खरा दर १०.८५ टक्क्यांच्या आसपास पडतो, कारण फेडलेल्या मुद्दलावरही व्याज लागत राहतं. म्हणजे ९ टक्के रिड्युसिंगपेक्षा महागच.

दुसरं, हप्ता कमी दिसतो म्हणून सात वर्षं घेऊ नका. पाच लाखांना पाच वर्षांत १,२२,७५० व्याज जातं, सातला १,७५,७००. फ्लोटिंग म्हणजे बदलता दर असेल तर व्यक्तीने घेतलेल्या कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही, फिक्स्डला बहुतेक ठिकाणी लागतो. ऊसबिलातून मधेमधे मुद्दल फेडायचं असेल तर फ्लोटिंगच घ्या.

निपाणीकर
सगळ्यांनी गाडी घेण्याचा हिशोब केला, चालवण्याचा कुणीच केला नाही. अण्णा रोज खानापूर ते उद्यमबाग गाडीनेच जाणार असतील तर ये-जा पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. महिन्याला बाराशे. पंधराच्या सरासरीने ८० लिटर, लिटर १०३ धरलं तर ८,२४०. विमा, सर्व्हिस, टायरसाठी वर्षाला ४५,००० बाजूला काढायचे म्हणजे महिन्याला ३,७५०. दोन्ही मिळून बारा हजार. वर हप्ता ११,४१७. झाले साडेतेवीस हजार, आणि अण्णांकडे घरखर्च जाऊन उरतात चोवीस. घरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?

म्हणून आजपासून आरडीशिवाय आणखी सहा हजार वेगळ्या खात्यात टाका. आधी तीन महिन्यांच्या घरखर्चाचे ८४,००० भरेपर्यंत, म्हणजे चौदा महिने. त्यानंतर तेच खातं विमा-सर्व्हिसचं. आणि रोज गाडीने जायचं का, ते आत्ताच घरी बसून ठरवा. बस किंवा दुचाकीने कामावर आणि गाडी रविवारी असं ठरलं तर पेट्रोल तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

खानापूर_२२
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग एक खालचं मॉडेल आहे, ९,९०,००० चं, इंजिन तेच. ते घेतलं तर कर १४ टक्क्यांत बसेल ना?

आरटीओ_फाईल
आज घेतलं तर बसेल. कर १,३८,६०० आणि सेस १५,२४६, मिळून १,५३,८४६. टीसीएस नाही. रस्त्यावर ११.९३ लाखांच्या आत. एक्स-शोरूममध्ये सत्तर हजारांचा फरक, पण रस्त्यावर सव्वा लाखाच्या वर.

पण तुम्ही घेणार तीन वर्षांनी. ४ टक्क्यांनी ९.९० चे ११.१४ होतील आणि तेही १७ टक्क्यांतच जाईल. तीन वर्षांनी दहाच्या आत राहायचं तर आजचा भाव ८.८९ लाखांच्या खाली हवा.

टिळकवाडी_ताई
८.८० चं मॉडेल धरून बघितलं. तीन वर्षांनी ९.९०, रस्त्यावर ११.९३. तुमचे जमलेले ९.३७ वजा करा, कर्ज २.६० लाख पुरतं. तीन वर्षांत फेडायचं तर हप्ता ८,२६८, पाच वर्षांत ५,३९७. निपाणीकर काकांचा बारा हजारांचा खर्च धरूनही महिन्याला चार-सहा हजार शिल्लक राहतात.

मॉडेल निवडताना इंजिन १२०० सीसीच्या आत आहे ना ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के आहे, यातली एक जरी अट सुटली तर ४०. एकाच गाडीच्या दोन इंजिनांत म्हणूनच इतका फरक दिसतो.

खानापूर_२२
८.८० च्या मॉडेलला सनरूफ नाही, मागचा कॅमेरा नाही. कॅमेरा बाहेरून बसवता येईल का?

आरटीओ_फाईल
येतो, पण वायर कापून नको. कंपनीच्या ॲक्सेसरीत कपलरवाला मिळाला तर तोच शोरूममधून बसवून बिलावर लिहून घ्या, नाहीतर पुढे वायरिंगचा बिघाड वॉरंटीत नाकारतात. विमा घेताना झिरो डेपबरोबर (यात सुट्या भागांच्या किमतीतून घसारा कापत नाहीत) इंजिन प्रोटेक्टही घ्या. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा सेल मारला तर इंजिनात पाणी जातं, साध्या पॉलिसीत ते बसत नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावीच लागते, स्वतःच्या नुकसानीची एक वर्षाची पॉलिसी बाहेरून घेता येते. शोरूम नाही म्हणालं तरी तो हक्क तुमचा आहे.

खानापूर_२२
सोमवारी ठेवीची पावती घेऊन जातो. पगार सात तारखेला होतो, आरडी दहाची लावू का?

टिळकवाडी_ताई
नऊची लावा. दहाला सुट्टी आली, त्यात पगार एखादा दिवस उशिरा झाला तर पैसे इकडे-तिकडे होतात. आणि ‘ऑटो डेबिट’ पगाराच्याच खात्यावर द्या.