शिबिरातल्या जेवणाच्या हॉलच्या जुन्या प्रथा ठेवायच्या की बंद करायच्या?

नवीनताई:
यंदा उन्हाळी शिबिरात जेवणाचा हॉल माझ्याकडे आलाय. ८० मुलं, १० टेबलं, प्रत्येक टेबलाला एक दादा नाहीतर ताई. पद्धत जुनीच, टेबलावरचा एकजण किचनच्या खिडकीतून भांडी आणतो, ती फिरतात, सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही, मग गाणी, सूचना, शेवटी उष्टं बादलीत टाकून वजन. यात तास जातो आणि आवाजाने डोकं उठतं. सरळ बुफे लावावा म्हटलं तर जुनी मंडळी तोंड पाडून बसली. काय करू?

जुना शिबिरार्थी:
ताई, रांग नका लावू! मी १२ वर्षांचा असताना पहिल्यांदा गेलो, दोन दिवस कोणाशी बोललोच नाही, तिसऱ्या दिवशी भांडी आणायची पाळी आली आणि अर्धं सूप जमिनीवर. टेबल हसलं, पण दोघं फडकी घेऊन आले, त्यातला एक आजही मित्र आहे. बुफेत काय होतं, ज्याची गँग आहे तो गँगमध्ये बसतो आणि एकटा पडलेला एकटाच जेवतो.

किचनवाला:
भांडी फिरू द्या पण अर्धीच भरा, लागलं तर परत आणता येतं, टाकलंही कमी जातं. अ‍ॅलर्जीवाल्या मुलाचं ताट मात्र कधीही फिरत्या भांड्यातून नको, एकच चमचा सगळीकडे बुडतो. त्याचं वेगळं, आधी आणि रोज एकाच माणसाने वाढायचं. आणि त्या वजनाची टेबलाटेबलात स्पर्धा लावू नका, आमच्याकडे ‘शून्य ग्रॅम’ यावं म्हणून पोरं उरलेलं टिश्यूत बांधून खिशात घालायची, ते कळलं कपडे धुताना. अख्ख्या हॉलचं एकच वजन करा, आवडलं काय नाही ते त्यातून किचनलाही कळतं.

खुर्चीचा पाय:
आवाजासाठी आधी खुर्च्यांना रबर लावा, अर्धा गोंगाट त्यांचाच असतो. गाणी ताटं उचलल्यावर. शांतता हवी तर ओरडायचं नाही, फक्त हात वर करायचा, ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प बसायचं.
आणि ‘फार जुनी प्रथा’ म्हणणाऱ्यांचं लगेच ऐकू नका. शिबिरं १८६१ पासून असतील, तेव्हा अमेरिकेतल्या कनेटिकटात गन नावाचे मास्तर मुलांना शिबिराला घेऊन गेले होते, पण आमच्या हॉलमधली ‘पहिल्यापासूनची’ प्रथा शोधत गेलो तर चार वर्षांपूर्वी एका दादाने काढलेली निघाली 😄 टेबलावर कोपर टेकलं की नाव घेऊन गाणं आणि त्याने हॉलभोवती पळायचं, हे आहे का तुमच्याकडे? असेल तर आधी ते बंद करा, लाजऱ्या पोराचं जेवणच जात नाही.

नवीनताई:
आहे हो, तेच आहे. बुफे रद्द केला, कोपरवालं गाणं कालपासून बंद. पोरांनी चकार शब्द काढला नाही, तक्रार आली ती एका दादाची.