क्वीनची मागे राहिलेली गाणी: क्लबहाउससाठी यादी

सलील (ए-२०३): शनिवारी साडेसात ते नऊ क्लबहाउस आपल्याला मिळालंय. क्वीन, म्हणजे तो इंग्लंडचा रॉक बँड, ऐकायचं ठरलंय, पण 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', 'वी विल रॉक यू' वगैरे नको, ती सगळ्यांना पाठ आहेत. 'डीप कट्स' या त्यांच्या कमी गाजलेल्या गाण्यांच्या संकलनाचे तिन्ही भाग फोनवर डाउनलोड करून ठेवलेत. सरळ तेच लावून देऊ का?

माधवकाका (बी-७०४): सरळ तेच नको, सलील. 'डीप कट्स' २०११ मध्ये निघालं. पहिला भाग १९७३ ते ७६, दुसरा १९७७ ते ८२, तिसरा १९८४ ते ९५. निवड मनापासून केलेली आहे. पण क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बममधली गाणी एकमेकांना शिवलेली आहेत, आणि संकलनात नेमकी ती शिवण उसवते. 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' घे. अल्बमवर ते थांबत नाही, थेट 'फनी हाउ लव्ह इज'मध्ये जातं. 'डीप कट्स'वर त्याच्यानंतर दुसऱ्याच अल्बममधलं गाणं येतं. ज्याने अल्बम ऐकलाय त्याला तिथे ठेच लागते, आणि ज्याने नाही ऐकला त्याला वाटतं गाणं असंच अर्धवट आहे.

माधवकाका: आणि 'द प्रॉफेट्स साँग' त्यात नाहीच! सव्वाआठ मिनिटांचं गाणं, 'अ नाइट ॲट दि ऑपेरा'चा कणा. ते वगळून क्वीनची अनवट गाणी ऐकली असं कसं म्हणायचं?

ऋजुता (सी-११०१): काका, माझी तक्रार वेगळी आहे. 'डीप कट्स'मध्ये एकही निव्वळ बी-साइड नाही. सगळी गाणी अल्बममधलीच. सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी निघालेल्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला असलेली आणि कुठल्याच अल्बमवर न आलेली गाणी खरी मागे राहिलेली. 'सी व्हॉट अ फूल आय हॅव्ह बीन' ('सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'च्या मागे, १९७४), 'अ ह्युमन बॉडी' ('प्ले द गेम'च्या मागे, १९८०), 'सोल ब्रदर' ('अंडर प्रेशर'च्या मागे, १९८१), 'आय गो क्रेझी' ('रेडिओ गा गा'च्या मागे, १९८४), 'लॉस्ट ऑपर्च्युनिटी' ('आय'म गोइंग स्लाइटली मॅड'च्या मागे, १९९१). ही मिळायची तर २०११ च्या डीलक्स आवृत्त्यांची दुसरी डिस्क बघायची. 'सोल ब्रदर' 'हॉट स्पेस'बरोबर आहे, 'अ ह्युमन बॉडी' 'द गेम'बरोबर, 'लॉस्ट ऑपर्च्युनिटी' 'इन्युएंडो'बरोबर. ॲपमध्ये अल्बमचं नाव टाकून 'डीलक्स' लिहिलेलीच आवृत्ती उघडा, साध्या आवृत्तीत दिसणार नाहीत.

शुभदाकाकू (बी-३०१): मला मूळ शंका. आमच्याकडे 'ग्रेटेस्ट हिट्स'ची जुनी कॅसेट आहे आणि अमेरिकेहून भाच्याने आणलेली त्याच नावाची सीडी आहे. दोन्हीत गाणी वेगळी कशी?

ऋजुता: काकू, १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' देशोदेशी वेगळ्या यादीने निघाला होता. इंग्लंडच्या यादीत १७ गाणी, त्यात 'अंडर प्रेशर' नाही, कारण ते सिंगल त्याच सुमारास बाजारात आलं. अमेरिकेच्या १९८१ च्या यादीत ते आहे. पुढे १९९२ मध्ये हॉलिवुड रेकॉर्ड्सने अमेरिकेसाठी 'क्लासिक क्वीन' आणि पुन्हा एक 'ग्रेटेस्ट हिट्स' काढला, त्याची यादी आणखी तिसरी. त्यामुळे जुनी डिस्क घेताना नावावर जायचं नाही. मागची गाण्यांची यादी आणि साल बघायचं.

केदार (ए-६०४): १९९९ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स थ्री'बद्दल काय मत? माझ्याकडे तोही आहे.

माधवकाका: त्यात क्वीन कमी आणि आजूबाजूचं जास्त. गायक फ्रेडी मर्क्युरी आणि गिटारवाला ब्रायन मे यांची स्वतंत्र गाणी, जॉर्ज मायकेल आणि एल्टन जॉन यांच्याबरोबरची लाइव्ह रेकॉर्डिंग, रिमिक्स. 'थँक गॉड इट्स ख्रिसमस' हे १९८४ चं सिंगल त्यात मिळतं, एवढ्यासाठी ठेव. १९९७ चा 'क्वीन रॉक्स' त्यापेक्षा बरा: 'इट्स लेट', 'पुट आउट द फायर', 'स्टोन कोल्ड क्रेझी' एका जागी मिळतात, आणि 'नो-वन बट यू' हे फ्रेडी गेल्यावर बँडमधल्या बाकीच्या तिघांनी केलेलं गाणं पहिल्यांदा त्यातच आलं.

शुभदाकाकू: फ्रेडी आपल्या पाचगणीचा ना?

माधवकाका: शिकला पाचगणीला, काकू. सेंट पीटर्स शाळेत. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६, नाव फारोख बुलसारा. शाळेतल्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये तो पियानोवर असे. पण गाण्यांत आपल्याकडचं काही शोधायचं असेल तर ते ब्रायन मेच्या एका गिटारमध्ये सापडतं. 'क्वीन टू'वरचं 'व्हाइट क्वीन (ॲज इट बिगॅन)' ऐका. मधल्या भागात सतार वाजल्यासारखं वाटतं. ती सतार नाही, त्याची जुनी स्वस्तातली अकूस्टिक गिटार आहे. त्याने तिची घोडी बदलून लाकडाची बसवली, ती तासली आणि तारांखाली फ्रेटच्या (गिटारच्या दांड्यावर आडव्या बसवतात त्या) तारेचा छोटा तुकडा बसवला. तार त्या तुकड्याला हलकी टेकते आणि झणझणते. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात, घोडीवर दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात, तेच तत्त्व. टेकणं जास्त झालं तर स्वर मरतो, कमी झालं तर झणकार जातो. पुढे १९७८ च्या 'जॅझ' अल्बममध्ये 'जेलसी'लाही हीच गिटार आहे.

ऋजुता: 'जेलसी' लावणार असाल तर २०११ चीच आवृत्ती लावा. मूळ मिक्समध्ये चुकून बेस ड्रमचा ट्रॅकच राहून गेला होता. जुन्या डिस्कवर त्यामुळे ते गाणं खालून पोकळ वाटतं. २०११ मध्ये तो परत आला.

सलील: बापरे. मग यादी तुम्ही दोघं ठरवा.

माधवकाका: माझं म्हणणं एकच. 'क्वीन टू'ची दुसरी बाजू, 'साइड ब्लॅक', सलग लावायची. १९७४ चा अल्बम. त्यांनी बाजूंना ए आणि बी न म्हणता व्हाइट आणि ब्लॅक म्हटलं. ब्लॅकवरची सहाही गाणी फ्रेडीची. जेमतेम २० मिनिटं. 'ओगर बॅटल'ची सुरुवात म्हणजे त्याच गाण्याचा शेवट उलटा फिरवलेला आहे, म्हणून पहिले काही सेकंद आवाज आत ओढल्यासारखा येतो. कुणी 'फाइल खराब आहे' म्हणून पुढे ढकलू नका. मग 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक'. हे चित्रकार रिचर्ड डॅडच्या चित्रावरून. ते लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात आहे. चित्र उंचीला जेमतेम ५४ सेंमी, पण त्यात बारीक माणसं इतकी की नजर ठरत नाही. गाण्यातही तेच केलंय: हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर पात्रांची नावं धडाधड येतात, एकाचं वर्णन संपायच्या आत दुसरा हजर. फोनवर चित्र उघडून गाणं ऐका, एकेक पात्र सापडत जातं.

माधवकाका: मग दीड मिनिटाहून लहान 'नेव्हरमोर', नुसता पियानो आणि आवाज, आणि लगेच 'मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन', साडेसहा मिनिटं. सगळं १६ ट्रॅकच्या टेपवर, म्हणजे वेगवेगळं ध्वनिमुद्रण करायला १६ च पट्ट्या. इतके आवाज मावायला आधीचे ट्रॅक एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन गायचं, पुन्हा तेच. दर वेळी टेपची खरखर थोडी वाढते. ती ऐकू येते, आणि मला ती तिथे हवीच आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आकाशातून पडलं नाही, त्याची तालीम दीड वर्ष आधी इथे झालेली आहे.

केदार: काका, पण नवीन माणसाला पहिल्या २० मिनिटांत एवढं जड? 'थर्टी-नाइन' आधी लावा ना.

ऋजुता: मला केदारचं पटतं. निदान आधी 'व्हाइट क्वीन' लावा, कान तयार होतील. आणि 'थर्टी-नाइन' ब्रायन गातो हे सांगा आधी. लोकांना वाटतं सगळं फ्रेडीच गायचा. 'लाँग अवे' ब्रायन, 'टेनमेंट फन्स्टर' ड्रमर रॉजर टेलर. 'सेल अवे स्वीट सिस्टर'मध्ये मुख्य आवाज ब्रायनचा आणि मधलं कडवं फ्रेडीचं. तो सांधा ऐकायलाच हवा.

माधवकाका: 'व्हाइट क्वीन' आधी, मान्य. 'थर्टी-नाइन' मात्र 'प्रॉफेट्स साँग'च्या आधी ठेवू, दोन्ही ब्रायनची, एकाच अल्बमवरची. 'थर्टी-नाइन'मध्ये अंतराळप्रवासी वर्षभराने परततात तोवर पृथ्वीवर पिढ्या उलटलेल्या असतात. लिहिणारा माणूस खगोलभौतिकीचा. अर्धी राहिलेली पीएचडी त्याने २००७ मध्ये इंपीरियल कॉलेजातून पूर्ण केली. 'थर्टी-नाइन'मध्ये बँडचा बेस गिटारवाला जॉन डीकन याने डबल बेस (उभा धरायचा मोठा बेस) वाजवलाय, गाण्यासाठी शिकून घेतला.

माधवकाका: 'प्रॉफेट्स साँग'मध्ये साडेतीन मिनिटांच्या सुमारास वाद्यं थांबतात आणि जवळजवळ अडीच मिनिटं नुसते आवाज. फ्रेडी एक ओळ गातो, टेपवरून ती काही क्षणांनी एका बाजूला परत येते, मग दुसऱ्या बाजूला. परतलेल्या ओळीवर तो पुढची ओळ गातो आणि तिन्ही आवाजांची सुरावट जुळते. गाणाऱ्याला स्वतःच्या मागच्या ओळीचा स्वर आणि वेळ दोन्ही धरून गावं लागतं. हे डावं-उजवं वेगळं ऐकू आलं तरच कळतं. आणि गाणं संपलं की बंद करायचं नाही. ते 'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये उतरतं. ते गाजलेलं आहे, पण तिथे ते येऊ द्या.

सलील: डावं-उजवं म्हणालात म्हणून विचारतो. माझा ब्लूटूथ स्पीकर चालेल का?

केदार: एकटा नको, बहुतेक लहान स्पीकर डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनेल एकत्र करूनच वाजवतात. सारखेच दोन असतील तर 'स्टीरिओ' जोडणी कर. 'पार्टी' मोडमध्ये दोन्हीतून एकच आवाज येतो, उपयोग नाही. त्यापेक्षा क्लबहाउसचे दोन मोठे स्पीकर आणि मिक्सर वापरू. वायर मात्र अशी हवी: एका टोकाला फोनची ३.५ मिमी स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिन. त्या मिक्सरच्या दोन चॅनेलमध्ये, एकाचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारं बटण) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. पॅन मधोमध राहिला तर पुन्हा मोनो, म्हणजे दोन्हीतून एकच आवाज.

केदार: आणि स्टीरिओ पिन थेट माइकच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये घालू नका. ते इनपुट दोन्ही चॅनेलमधला फरक तेवढा घेतं. मधोमध ठेवलेला मुख्य गायकाचा आवाज दोन्हीत सारखा असतो, म्हणून तोच कापला जातो आणि पोकळ वाद्यं उरतात. लोकांना वाटतं वायर खराब आहे, आणि दुसरी तसलीच वायर आणतात.

ऋजुता: ॲपमध्ये पण चार गोष्टी बघ सलील. शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं संपताना त्यावर पुढचं चढवणं) शून्य सेकंद, नाहीतर 'टेनमेंट फन्स्टर', 'फ्लिक ऑफ द रिस्ट', 'लिली ऑफ द व्हॅली' या तिघांचे सांधे एकमेकांवर चढतील. गॅपलेस, म्हणजे गाण्यांमध्ये खंड न पडू देणारं सेटिंग, चालू. आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद, कारण ते गाण्यागणिक आवाज बदलत असेल तर हळुवार 'नेव्हरमोर' शेजारच्या गाण्याएवढं मोठं होतं. शिवाय फोनच्या सुगम्यता सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू राहिलेलं नाही ना, ते पाहा.

माधवकाका: बी-साइडबद्दल, ऋजुता, मी स्पष्ट सांगतो. 'अ ह्युमन बॉडी' आणि 'आय गो क्रेझी' अल्बमवर आली नाहीत ते बरोबरच झालं. 'सोल ब्रदर' आणि 'लॉस्ट ऑपर्च्युनिटी' घे, ती उभी राहतात.

ऋजुता: 'अ ह्युमन बॉडी'साठी मी भांडेन, पण शनिवारी नाही. 'मॅड द स्वाइन' मात्र वेगळी गोष्ट. १९७२ मध्ये पहिल्या अल्बमसाठी झालेलं गाणं, बाहेर राहिलं, थेट १९९१ मध्ये 'हेडलाँग'च्या सिंगलवर आलं. ऑक्टोबर २०२४ च्या 'क्वीन वन' संचात ते चौथ्या क्रमांकावर, त्याच्या जागी परत गेलंय. त्या संचात ड्रमचा आवाजही नव्याने केलाय, कारण ट्रायडंट स्टुडिओतला तो कोरडा, दबलेला ड्रम बँडला कधीच आवडला नव्हता. ज्यांना पहिला अल्बम मातकट वाटतो त्यांनी हा नवा मिक्स ऐकावा.

केदार: 'गुड कंपनी' घ्या हो. त्यातला जुन्या जॅझ बँडचा सगळा वाद्यवृंद म्हणजे ब्रायनची गिटार आहे हे सांगून लावलं तरी कुणाचा विश्वास बसत नाही. जॉन डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डाचा बॅटरीवरचा छोटासा ॲम्प्लिफायर केला होता, त्यातून एकेक वाद्याची फ्रेज वेगवेगळी वाजवून वरचेवर चढवलीय. ब्रायन तारा छेडायच्या प्लेक्ट्रमऐवजी (नखीऐवजी) सहा पेन्सचं नाणं वापरतो, स्वराच्या सुरुवातीला बारीक खर येते ती त्या नाण्याच्या कडेची.

माधवकाका: घेतलं. सलील, ही यादी पिन कर.
व्हाइट क्वीन
साइड ब्लॅक, सहाही गाणी सलग
टेनमेंट फन्स्टर, फ्लिक ऑफ द रिस्ट, लिली ऑफ द व्हॅली सलग
थर्टी-नाइन
प्रॉफेट्स साँग आणि लगेच लव्ह ऑफ माय लाइफ
गुड कंपनी
(चहा)
माय मेलँकली ब्लूज, यात गिटार नाही आणि मागचे आवाजही नाहीत
सेल अवे स्वीट सिस्टर
ड्रॅगन अटॅक
सोल ब्रदर
लॉस्ट ऑपर्च्युनिटी
वॉज इट ऑल वर्थ इट
सगळं मिळून सव्वा तासाच्या आसपास, चहाला १५ मिनिटं उरतात.

शुभदाकाकू: चहा मी सांगते. 'मॅड द स्वाइन' राहिलं की.

ऋजुता: काकू, नऊच्या आत वेळ उरला तर तेच. सलील, प्लेलिस्ट करताना 'साइड ब्लॅक'ची सहा गाणी एकाच आवृत्तीतून घे. एक गाणं 'डीप कट्स'मधून आणि दुसरं अल्बममधून घेतलंस तर सांध्यावर क्षणभर शांतता पडू शकते.

केदार: दोन मोनो पिनांची वायर माझ्याकडे आहे. साडेसहाला क्लबहाउसची किल्ली घेऊन ये सलील, आधी 'प्रॉफेट्स साँग'चा मधला भाग लावून डावं-उजवं तपासू.

सलील: आलो. यादी पिन केली.