मुंबई–गोवा शिडाच्या बोटीने: वाटेत ‘तरंगिणी’ दिसली तर किती जवळ जावं?

दांडियाबाजार:
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे चौघे जानेवारीत मुंबईहून ३६ फुटी यॉटवर गोव्यापर्यंत जाणार आहोत. स्किपर सोबत आहे. आमचा शिकाऊ कोर्स झालाय, पण किनाऱ्याने लांबचा प्रवास हा पहिलाच. नौदलाचं ‘तरंगिणी’ हे जुनं शिडाचं जहाज या किनाऱ्याने ये-जा करतं. वाटेत गाठ पडलीच तर कोणत्या बाजूने जावं, वाट कोणी द्यायची? वाऱ्याचा आणि मुक्कामांचा हिशेबही सांगा.

खारावारा:
आधी वारा, बाकी सगळं त्यावर ठरतं. जानेवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, बहुधा ईशान्येचा आणि हलका. सकाळी नऊ-दहाला तो पडतो, तास-दोन तास शिडं लोंबतात. दुपारी बारानंतर वायव्येचा खारा वारा भरतो आणि तीन-चारच्या सुमारास १५ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो. म्हणून उजाडताच निघा, दुपारचा वारा पाठीवर घ्या आणि अंधाराआधी नांगर टाका. मुंबई ते मुरगाव (गोव्याचं बंदर) साधारण सव्वादोनशे सागरी मैल आहेत. मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम धरले तर सहा टप्पे होतात. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडक आहेत, तिथे उजेडातच शिरायचं.

रात्री चालू नका. मासेमारीच्या जाळ्यांचे बोये अंधारात दिसत नाहीत. जाळ्याचा दोर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेलाच तर लगेच न्यूट्रल आणि इंजिन बंद. घाबरून रिव्हर्स मारला की दोर शाफ्टवर आणखी आवळतो आणि सील फाटून पाणी आत येऊ शकतं. शिडं उतरवून बोट थांबवा, मगच आकड्याच्या काठीने दोराचं टोक शोधा.

नांगराची साखळी सोडताना भरतीचं पाणी धरायला विसरू नका. आत्ता खोली ४ मीटर, भरतीला आणखी ३ चढणार, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर वर, म्हणजे हिशेब ८ मीटरचा. त्याच्या पाचपट, ४० मीटर साखळी. दोर जास्त असेल तर सातपट. ओहोटीला आलेले लोक समोर दिसणाऱ्या ४ मीटरवर २० मीटर सोडतात आणि मध्यरात्री भरतीला नांगर घसरतो. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, गोव्याकडे त्याच्या निम्मंच.

पिछाडी:
‘तरंगिणी’बद्दल एक दुरुस्ती. ठेवण जुन्या काळची, पण जहाज जुनं नाही. गोवा शिपयार्डने बांधलं, नौदलात ११ नोव्हेंबर १९९७ ला आलं. लांबी ५४ मीटर, शिडं २०. तिची बहीण ‘सुदर्शिनी’ २०१२ची. खरोखर जुनं हवं असेल तर १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.

ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या काठ्या आणि चौकोनी शिडं, मागच्या तिसरीवर आडवी काठी नाही. हवा स्वच्छ असेल तर डोलकाठ्यांची टोकं दहा-बारा मैलांवरून दिसतात, जहाजाचं अंग मात्र सहा मैलांच्या आत आल्यावरच. जानेवारीत धुरकटपणा असतो, म्हणून ती अचानक समोर उभी राहिल्यासारखी वाटेल. समोरासमोर असाल, ती ८ नॉटने आणि तुम्ही ६ नॉटने, तर एक मैल साडेचार मिनिटांच्या आत संपतो. एआयएसवर (जहाजांची जागा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर) विसंबू नका, नौदलाची जहाजं ते बंद ठेवू शकतात. हातातल्या कंपासने दर दोन मिनिटांनी दिशा घ्या. दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर ठरलेली आहे.

मुख्य गोष्ट ही की चौकोनी शिडांचं जहाज तुमच्यासारखं वाऱ्याच्या तोंडाशी ४५ अंशांवर जाऊ शकत नाही. साठ-पासष्टच्या आत त्याची शिडं उलटी भरतात. टॅक करायला, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून वळायला, वेळ लागतो, वाऱ्याकडे पाठ फिरवून वळायचं तर भरपूर पाणी लागतं. नियम काहीही सांगोत, वळणं तुम्हालाच सोपं आहे, म्हणून लवकर आणि ठळकपणे वळा. पाच अंशांचा बदल तिच्या पुलावरून (जहाज चालवतात त्या जागेवरून) कळत नाही, तीस अंशांचा कळतो.

नियम असा. दोघेही शिडावर असाल तर डाव्या बाजूने वारा घेणारा उजव्या बाजूने घेणाऱ्याला वाट देतो. एकाच बाजूने वारा असेल तर वाऱ्याकडचा (वारा येतो त्या बाजूचा) वाऱ्याखालच्याला (वारा जातो त्या बाजूच्याला) देतो. शिडं उभी असून इंजिनही चालू असेल तर तुम्ही इंजिनची बोट ठरता. दिवसा टोक खाली केलेला काळा शंकू लावायचा आणि वाट तुम्ही द्यायची.

दांडियाबाजार:
पिछाडीकाका, मग वाऱ्याखालून, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूने गेलं तर आपोआप तीच वाट देईल ना?

पिछाडी:
कागदावर हो, पण तिला मागून गाठून पुढे जात असाल तर वाट तुम्हीच द्यायची. तसंही तिथे जाऊ नका. ती दक्षिणेला कोचीकडे निघालेली असेल, दुपारचा वारा वायव्येचा. तिच्या पूर्वेला गेलात की तिच्या शिडांच्या आडोशात तुमचा वारा मरतो. हा आडोसा डोलकाठीच्या उंचीच्या पाचपट लांब तरी पडतो. शिवाय ती वाऱ्याने तुमच्याकडेच सरकत येणार. पश्चिमेला, वाऱ्याकडे राहा. तिथे तुम्हाला स्वच्छ वारा, आणि दुपारचं ऊन तुमच्या पाठीमागून तिच्या शिडांवर, म्हणजे फोटोही तिथूनच चांगला. वाट देणं तुमच्याकडे येतं, पण तिथून ते सोपं आहे. अर्ध्या मैलाच्या आत जाऊ नका. ओलांडायचं तर पिछाडीनेच, म्हणजे तिच्या मागून. नाळेसमोरून कधीही नाही.

तीच उत्तरेला येत असेल तर वायव्येच्या वाऱ्यात तिला किनाऱ्याने सरळ वर येता येत नाही. तेव्हा शिडं गुंडाळून इंजिनवर असण्याची शक्यता जास्त.

बंदरपट्टी:
आधी व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर बोला: बोटीचं नाव, जागा, आणि ‘तुमच्या पिछाडीने जातोय’ एवढंच. लांब राहा म्हणाले तर लांब राहा. ड्रोन उडवू नका. आडव्या काठ्यांवर शिकाऊ मुलं चढलेली दिसली तर वेग कमी करा, जवळून लाट उठवू नका.

मान द्यायचाच असेल तर निशाण अर्ध्यावर उतरवा, त्यांनी आपलं उतरवून परत चढवेपर्यंत थांबा, मग तुमचं चढवा. भारतीय बोटीच्या पिछाडीला लाल निशाण असतं, कोपऱ्यात तिरंगा असलेलं. निशाणाचा दोर आधी ओढून बघा, ऐन वेळी कप्पीत अडकतो.

खारावारा:
शिदोरीला थेपले उत्तम, तीन-चार दिवस टिकतात. पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर. बोट लागण्याची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आणि सरावासाठी बडोद्याहून जवळ म्हणून खंबातच्या आखाताकडे वळू नका. तिथला भरतीचा ओघ छोट्या बोटीच्या वेगाला भारी पडतो आणि ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. सराव मुंबई–मांडवा पट्ट्यात करा.