रंगीत काचा सगळ्याच गेल्या नाहीत, फेअरफर्ड बघा

वरती कुणीतरी लिहिलंय की रिफॉर्मेशनमधे, म्हणजे सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या काळात, इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमधल्या जुन्या रंगीत काचा झाडून सगळ्या फोडल्या गेल्या. बऱ्याच गेल्या हे खरंय, पण ग्लॉस्टरशरमधलं फेअरफर्डचं सेंट मेरीज राहिलंय ना! तिथे मध्ययुगाच्या शेवटी बसवलेल्या 28 खिडक्यांचा अख्खा संच अजून जागेवर आहे, इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याच पॅरिश चर्चमधे (गावच्या स्थानिक चर्चमधे) असा पूर्ण संच उरलेला नाही.

जॉन टेम नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने हे चर्च जवळपास नव्यानेच बांधायला घेतलं, तो 1500 मधे गेला आणि पुढचं काम मुलाने, एडमंडने पुरं केलं. शैली पर्पेंडिक्युलर, म्हणजे उभ्या सरळ रेषा, दगडाच्या बारीक पट्ट्या आणि भिंतीपेक्षा खिडकीच मोठी, त्यामुळे चित्रांना जागाच जागा.

आणि मांडणी काय विचारपूर्वक केलीय! एका बाजूला बायबलमधले प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, तर समोर येशूच्या आधीचे संदेष्टे, वरच्या खिडक्यांमधे दक्षिणेला हुतात्मे आणि उत्तरेला त्यांचा छळ करणारे, त्यांच्या डोक्यावर चक्क सैतान. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीत शेवटचा न्यायनिवाडा, म्हणजे जगाच्या अंती देव करणार तो निवाडा, त्यातला लालभडक नरक तर मला सगळ्यात आवडतो. 1703 च्या वादळात तिचा वरचा भाग गेला, आत्ता दिसतो तो व्हिक्टोरियन काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला, पण खालचा नरक बराचसा जुनाच. दुसऱ्या महायुद्धात काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या, नंतर परत बसवल्या.

कॉट्सवोल्ड्सला, म्हणजे फेअरफर्ड आहे त्या टेकड्यांच्या भागात, कुणी जाणार असेल तर दुपार टळल्यावर जा, पश्चिमेचं ऊन तेव्हा थेट त्या खिडकीवर येतं.