मदत हवी आहे: पीचच्या दोन शेडमध्ये अडकलोय

ठाणे, घोडबंदर रोड. आठव्या मजल्यावरची १० बाय ११ ची बेडरूम, एकच खिडकी, तीही पश्चिमेला. भिंतींसाठी पीच रंगाच्या दोन शेड उरल्यात: एक गुलाबीकडे झुकणारी, दुसरी जर्दाळूकडे. शेडकार्डवर दोघी जुळ्या बहिणी.

दोन्हींचे छोटे डबे आणून खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले. दोन हात मारून, पूर्ण वाळू देऊन पाहिलं. सकाळी फरक शोधावा लागतो. चारनंतर ऊन आत आलं की जर्दाळूवाली थेट झेंडूच्या वाटेला लागते. रात्री ६५०० केल्विनच्या (निळसर) पांढऱ्या ट्यूबखाली गुलाबीवाली जुन्या बँडेजसारखी दिसते (उपमा बायकोची, पण बरोबर आहे). ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब लावला तर तीच गोड वाटते.

फरशी आयव्हरी, कपाट सागवानी लॅमिनेटचं. दोन्ही बदलणार नाही. छत पांढरंच. चारही भिंतींना एकच रंग, सॅटिन फिनिश. दोन्ही शेड मिसळा असं कृपया सुचवू नका, पुढे टचअपला रंग जुळत नाही. मशीनवर बनवलेला डबा दुकानदार परत घेत नाही आणि पेंटर सोमवारी येतोय.

पश्चिमेच्या खोलीत पीच लावलेल्यांनी सांगा: ट्यूब बदलून गुलाबीवाली घेऊ, की जर्दाळूवालीच निम्म्या टिंटमध्ये (म्हणजे रंगद्रव्य निम्मंच घालून) बनवून घेऊ? निम्म्या टिंटने संध्याकाळचा तो भगवेपणा खरंच जातो, की रंग नुसताच फिका पडतो?