मदत हवी आहे : सहा दिवसांच्या बाळाचं पोटातून डायलिसिस चालू आहे, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. वजन 2.4 किलो. जन्मल्यावर रडलंच नाही, प्राणवायू कमी पडला आणि त्यात किडन्यांना मार बसला. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) पहिल्या दिवशी 0.9 होतं, पण तेव्हा ते आईचंच दिसतं म्हणे. काल ते 4.2 झालं. लघवी जवळजवळ बंद. पोटॅशियम 7 च्या वर गेल्यावर हृदयाला धोका म्हणून काल रात्रीच पोटात नळी घातली.

मोठ्या माणसांसारखं मशीनवर का नाही, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्तच 200 मिलीच्या आसपास, नेहमीच्या मशीनच्या नळ्यांतच त्यातलं बरंच जाईल. अमेरिकेतल्या भाच्याने कार्पेडिएम नावाच्या इटलीत तयार झालेल्या छोट्या मशीनची माहिती पाठवली. अमेरिकेत 2020 मध्ये एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने) त्याला मान्यता दिली, पण तीही 2.5 ते 10 किलोच्या बाळांसाठी. म्हणजे आमचं तिथेही 100 ग्रॅमने हुकतं. पोटाचं डायलिसिस या वयात चांगलं चालतं, असं इथले डॉक्टर ठामपणे सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

डायलिसिसचं कोमट केलेलं 25 मिली पाणी पोटात सोडतात, अर्धा-पाऊण तास ठेवतात, मग काढून मोजतात. सिस्टर प्रत्येक वेळी वहीत लिहितात, आत किती, बाहेर किती. डायपर आधी कोरा वजन करून ठेवतात, काढल्यावर पुन्हा काट्यावर. एक ग्रॅम म्हणजे एक मिली. सिझर झाल्यामुळे बहीण दुसऱ्या गावी दवाखान्यातच आहे, तिने बाळाला अजून मांडीवर घेतलेलं नाही. दर तासाला फोन करून एकच विचारते, "ताई, शू झाली का गं?"

ज्यांची बाळं यातून गेली त्यांनी कृपया सांगा : लघवी सुरू व्हायला किती दिवस लागले? आमच्या बाळाच्या नळीच्या कडेने थोडं पाणी झिरपतंय. पाणी गढूळ दिसतंय का यावर लक्ष आहे, डॉक्टरांनाही सांगितलंय, पण तुमच्याकडे असं झालं होतं का? पुढे किडनीच्या तपासण्या किती वर्षं चालू ठेवल्या? आणि महात्मा फुले योजनेत कुणाचा असा खर्च बसला का? बाळाचं नाव अजून रेशनकार्डावर नाही, तेव्हा कोणते कागद चालले?

अपडेट, सकाळी 7 : रात्रभरात डायपर 9 ग्रॅमने जड भरला. पोटॅशियम 5.8. सिस्टर म्हणाल्या, एवढ्यावर लगेच हुरळून जाऊ नका, एवढ्या वजनाच्या बाळाला तासाला दोन-तीन मिली तरी हवी. पण बहिणीला मी सांगून टाकलं. वरचे प्रश्न तसेच आहेत, नळीचं आधी सांगा.