मुलांच्या बातम्या: टीव्हीवर, मोबाईलवर की परिपाठात?

घरचा अँटेना (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

२०२५ च्या जुलैअखेर नांदणी मठाची माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं गुजरातला नेली, तेव्हाची गोष्ट. मुलगी नऊ वर्षांची. रात्री ताट पुढं सरकवून बसली, जेवेना. माझ्याच मोबाईलवर तिनं रील बघितलं होतं: हत्तिणीच्या डोळ्यांतून धार लागलेली आणि मागं सनई. "बाबा, तिला मारणार आहेत का?" म्हटलं, नाही गं, जामनगरला नेलीय, कोर्टानं सांगितलं म्हणून. "कोर्टाला हत्तिणीचं काय कळतं?" माझी बोलतीच बंद. टीव्ही लावला, तर चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. बंद केला.

नऊ वर्षांच्या पोरीला ती बातमी कळेल अशी सांगणारं मराठीत कुणीच नव्हतं. हत्तिणीची तब्येत हा मुद्दा काय, मठाची परंपरा हा मुद्दा काय, कोर्ट दोन्ही कसं तोलतं, एवढं पाच मिनिटांत सांगता आलं असतं.

बाहेर हे काम जुनं आहे. बीबीसीनं ४ एप्रिल १९७२ ला जॉन क्रेव्हन यांना बसवून मुलांसाठी 'न्यूजराउंड' सुरू केलं, ते आजही चालू आहे. नेदरलँड्समध्ये १९८१ पासून मुलांचं बातमीपत्र आहे. जपानच्या एनएचकेनं १९९४ ते २०१० असा कार्यक्रम चालवला. त्यात एक घर दाखवायचे आणि घरातले बाबा मॉडेल मांडून आठवड्याच्या बातम्या पोरांना समजावायचे. आपलं मुंबई दूरदर्शनही १९७२ चंच, २ ऑक्टोबरचं. तिथं 'किलबिल' होतं, सातच्या बातम्याही होत्या, पण दोघांचं लग्न काही लागलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: रोज ठरल्या वेळेला मराठीत मुलांसाठी दहा मिनिटं बातम्या हव्यात, स्ट्रीमिंगच्या काळातही. बोला.

पेठेतला भावा

दादा, इच्छा लई भारी, पण बघणार कोण? 'ठरल्या वेळेला' हा शब्दच आता म्हातारा झालाय. आमच्या बारक्याला 'मालिका उद्या सात वाजता लागणार' म्हटलं की त्यो विचारतो, आत्ता का न्हाई लागत? त्याला वेळ म्हणजे चार्जिंग किती टक्के हाय एवढंच ठाऊक.

आणि बीबीसीचं नाव घेतलंसा म्हणून सांगतो. २०२० ला त्यांनीच न्यूजराउंडचं दुपारचं बातमीपत्र बंद केलं. तिथल्या ऑफकॉम या नियामकानं वर्षाला ८५ तास दाखवायची अट ३५ तासांवर आणून दिली, कारण पोरं टीव्हीसमोर न्हाईत, नेटवर हाईत. ज्यांनी दुकान काढलं त्यांनीच अर्धं शटर ओढलं, आणि आपण आत्ता गाळा भाड्यानं घ्यायचा?

फळा आणि डस्टर

भावा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. दुपारचं बंद केलं, सकाळचं ठेवलं. का ठेवलं? ते शाळांत, वर्गात बसून बघितलं जातं म्हणून. घरातला प्रेक्षक गेला, वर्गातला राहिला. खरा मुद्दा तो आहे.

मी शाळेवर शिकवते, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर. आमच्याकडे मुलांच्या बातम्या रोज होतातच, त्याला परिपाठ म्हणतात. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, मग बातम्या. एक मुलगा पेपरमधले चार मथळे खड्या आवाजात वाचतो. माधुरीच्याच दिवसांत सहावीतल्या एकानं वाचलं, "सर्वोच्च न्यायालयानं याचिका फेटाळली." सगळ्या रांगा गप्प. वर्गात आल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, याचिका कोण? तिला का फेटाळलं?"

हसू नका. ती तीन वर्षं रोज बातम्या ऐकतेय आणि याचिका तिला कुठल्यातरी ताईचं नाव वाटतं. नवा चॅनेल काढण्याआधी परिपाठातली ती दोन मिनिटं नीट करा. वर्गात आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ लावता आला तर सोन्याहून पिवळं.

पेठेतला भावा

बाई, वर्गात टीव्ही हाय का पण?

फळा आणि डस्टर

आहे की. देणगीतून आलाय, ४३ इंची. रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक केंद्रावर मीटिंगला. वरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, धूळ बसते म्हणून.

वायरमन

वर्गात टीव्ही फुकट देण्याचा धंदा अमेरिकेत होऊन गेलाय. चॅनल वन नावाची कंपनी १९९० पासून शाळांना टीव्ही संच द्यायची. बदल्यात रोज बारा मिनिटांचं बातमीपत्र वर्गात लावायचं, त्यात दोन मिनिटं जाहिराती. पोरं बाकावर बसून चॉकलेटच्या जाहिराती बघायची, उठून जायची सोय नाही. २०१८ ला ते बंद पडलं. तेव्हा कुणी टीव्ही देतो म्हणाला की आधी विचारायचं, मधली दोन मिनिटं कुणाची?

आता यूट्यूबकडं या, कारण शेवटी सगळे तिथंच जाणार. जानेवारी २०२० पासून 'मुलांसाठी' अशी खूण असलेल्या व्हिडिओला कमेंट बंद. घंटी दाबा, न दाबा, नवा व्हिडिओ आल्याची खबर जात नाही. बघणाऱ्याच्या सवयी हेरून लावलेली महागडी जाहिरातही नाही. मुलांची माहिती गोळा केली म्हणून २०१९ ला यूट्यूबला अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले, त्यानंतरचा हा नियम. नियम चांगलाच आहे, माझीही दोन पोरं आहेत. पण रोजच्या बातम्यांचं गणित बघा. नाटुकलं सहा महिन्यांनी बघितलं तरी चालतं, बातमी दुसऱ्या दिवशी शिळी. जिला रोज हाक मारून बोलवावं लागतं तिलाच हाक मारायची बंदी, आणि उत्पन्नही तुटपुंजं. दादांच्या पोरीनं बघितलेलं रडक्या हत्तिणीचं रील 'मुलांसाठी' नसतं, त्यामुळं त्याला सगळं रान मोकळं.

म्हणून खाजगीवाला यात पडणार नाही. बीबीसी काय, नेदरलँड्सचं काय, एनएचके काय, सगळं सार्वजनिक पैशावर. आपल्याकडं प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलंय, सह्याद्री वाहिनी आहेच. जागा आहे, तिथं दहा मिनिटं मागा.

पेठेतला भावा

म्हणजे सरकारी बातम्या. 'मंत्रिमहोदयांनी फीत कापली, बालमित्रांनो टाळ्या वाजवा.' नगं रं बाबा.

आज्जीचा चष्मा

तुम्ही सगळे वेळेवर आणि पैशावर भांडताय. मी मुळातच विचारते, मुलांना बातम्या हव्यातच कशाला? १९७१ पासून बालभारतीचं 'किशोर' निघतंय, आमच्या घरी पोस्टानं यायचं. गोष्टी, कविता, कोडी. मुलं वाचायची आणि रंकाळ्यावर खेळायला पळायची. खून, अपघात, युद्ध यांतलं काही त्यांना कळत नव्हतं, म्हणून कुणाचं अडलं नाही. सांगायचंच असेल तर आईबापानं मांडीवर घेऊन सांगावं. त्याला अँकर कशाला?

घरचा अँटेना

काकू, तुमचा मुद्दा मी टाळत नाही, पण तुमच्या नातवंडांना रंकाळा लांब आणि मोबाईल हाताशी. बातमी दार वाजवून येत नाही आता.

२०१९ चा महापूर आठवा. ऑगस्ट. पंचगंगा ५५ फुटांच्या वर. आमच्याकडं खालच्या मजल्यावर पाणी, वर तीन घरांतली सात मुलं एका खोलीत. वीज नाही. आणि त्या खोलीत एका मोबाईलवर निरोप आला, वरचं धरण फुटलं. खोटा होता. तो खोटा आहे हे कळायला आम्हा मोठ्यांनाच पाऊण तास लागला. तोवर एक सहा वर्षांचा मुलगा दप्तर भरून पाठीला लावून बसला होता. आम्ही 'काही नाही रे' म्हणत होतो, पण तोंडं आमचीच उतरलेली. त्याला मांडीवर घेऊन कोण काय सांगणार? आईबापालाच माहीत नव्हतं.

न्यूजराउंडचंच उदाहरण. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उडताना फुटलं, आत एक शिक्षिकाही होती. ब्रिटनमध्ये ती बातमी टीव्हीवर सगळ्यांत आधी देणाऱ्यांत हा मुलांचा कार्यक्रम होता, कारण तो लागायच्या वेळेलाच ती आली. तिथल्या पोरांनी ती ओळखीच्या माणसाकडून ऐकली. ओळखीचा माणूस, एवढंच मला हवंय. वेळेचा हट्ट सोडतो. भावाचं बरोबर, सात वाजता कुणी बसणार नाही.

आज्जीचा चष्मा

दप्तर भरून बसला होता म्हणताय, ते वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत तेच. त्या रात्री त्याला बातमी नव्हती हवी, कुणीतरी जवळ हवं होतं.

फळा आणि डस्टर

काकू, दोन्ही हवं होतं. असो. मी शनिवारी बसून एक लिहून बघितलंय, परिपाठासाठी, दीड मिनिटाचं. चुका काढा.

"राधानगरी धरणाचा एक दरवाजा उघडला आहे. तो कुणी उघडला? कुणीच नाही. या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला आलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी पडतं. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला २८ लिटर, न्हाणीघरातल्या दोन मोठ्या बादल्या. मग १४२८ क्युसेक म्हणजे? एका सेकंदाला चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे टँकर रस्त्यावर बघता ना, तसे चार. तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत चार टँकर, 'दोन' म्हणेपर्यंत आणखी चार. हे पाणी भोगावतीतून पंचगंगेला मिळतं. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आज पाणी इतके इतके फूट आहे. धरणाचा दरवाजा उघडला म्हणजे धरण फुटलं असं नव्हे. कुणी तसं म्हटलं, तर त्याला हे वाचून दाखवा."

वायरमन

'एक म्हणेपर्यंत चार टँकर' हे झकास. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून देतो, फक्त आवाज मुलांचाच ठेवा.

पेठेतला भावा

बाई, मानलं. आत्ता बारक्याला वाचून दाखवलं. खाट्टदिशी उठून न्हाणीत बादल्या मोजून आला, आमच्याकडं तीन हाईत. पण दोन गोष्टी राहिल्या बघा. एक, शिवाजी पुलाजवळ मच्छिंद्री झाली का, म्हंजे पुराचं पाणी पुलाच्या जुन्या खुणेला लागलं का, ते घाला. कोल्हापुरात फुटाआधी तेच विचारत्यात. आणि उद्या शाळेला सुट्टी हाय का, ते सगळ्यांत वर घ्या. त्याशिवाय पुढचं कोण ऐकतंय!